आठवीच्या गणितासाठी आराखड्यांचा संच : वर्षभर वापरून

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हा संच आला. एक लांब नळकांडं आणि एक जड खोका. त्याआधीची दोन वर्षं मी मोबाईलवर त्याचे फोटो बघत होते, पण २४०० रुपये आणि वर कुरियरचे १२० म्हटलं की हात थांबायचा. यंदा घेतलाच. पैसे स्वतःचे घातले आहेत, त्यामुळे जे लिहिते ते वापरून लिहिते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. नोकरीला १९ वर्षं झाली. आठवीच्या माझ्या तुकडीत ५४ मुलं आहेत. निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड. वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळते. हे आधी सांगायला हवं, कारण अशा संचाची खरी परीक्षा तो कुठल्या वर्गात उघडला जातो त्यावर होते. असे संच आता बऱ्याच जणांकडे मिळतात आणि आतला माल उन्नीस-बीस सारखाच असतो, म्हणून विक्रेत्याचं नाव लिहीत नाही.

संचात काय आहे? भिंतीवर लावायचे १० मोठे तक्ते, जाड कागदाचे, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन केलेले. मार्करने लिहून पुसता येतील अशा ६ पाट्या, आपल्या ड्रॉइंग वहीच्या दुप्पट आकाराच्या. मुलांनी भरायच्या कोऱ्या आराखड्यांचे ४ पॅड, प्रत्येकी ५० पानांचे. आणि शिक्षकांसाठी एक पातळ पुस्तिका. ज्याला इंग्रजी शाळांत ग्राफिक ऑर्गनायझर म्हणतात ते हेच : चार खणांची चौकट, वेन आकृती, पट्टीचा आराखडा, वर्गीकरणाचं झाड, ओघतक्ता. माहिती ओळींत न लिहिता जागेवर मांडायची, म्हणजे कशाचा कशाशी संबंध आहे ते डोळ्यांना दिसतं.

तक्त्यांपासून सुरुवात करते, कारण पैशातला मोठा वाटा त्यांचाच आहे आणि माझी मोठी तक्रारही त्यांच्याबद्दलच आहे. रंग छान, छपाई स्वच्छ. पण भाषा? 'समकोण', 'परिमाप', 'भिन्न', 'गुणनखंड'. हे हिंदी शब्द आहेत. आमची मुलं काटकोन, परिमिती, अपूर्णांक, अवयव शिकतात. पाकिटावर ठळक अक्षरांत 'मराठी' छापून आत हिंदी संचाचं अर्धवट भाषांतर भरलं आहे. त्रिकोणांच्या एकरूपतेच्या ओघतक्त्यावर तर 'एसएएस' आणि 'एएसए'. बाकोबा, कोबाको ही मुलांच्या तोंडात बसलेली नावं आहेत, बाकोबा म्हटलं की बाजू-कोन-बाजू हा क्रमच ऐकू येतो. ते सोडून इंग्रजी आद्याक्षरं देवनागरीत लिहून कोणाचं भलं झालं?

शब्द एकवेळ स्टिकर लावून बदलता येतात, मी लावलेही. पण चौकोनांच्या वर्गीकरणाच्या तक्त्यात गोष्ट जास्त गंभीर आहे. त्या झाडात समांतरभुज चौकोन हा समलंब चौकोनाच्या पोटात दाखवला आहे. जिथे समलंब चौकोनाची व्याख्या 'समोरासमोरील बाजूंची किमान एक जोडी समांतर' अशी करतात तिथे हे बरोबर आहे, जगात बऱ्याच ठिकाणी तशी करतातही. आपल्या बालभारतीच्या पुस्तकात मात्र 'एकच जोडी समांतर' अशी व्याख्या आहे. म्हणजे आपल्याकडे समांतरभुज चौकोन समलंब चौकोनात येत नाही, दोन्ही शेजारी शेजारी उभे राहतात. तक्ता बघून पेपर लिहिणाऱ्या मुलाचे गुण जातील आणि आपलं काय चुकलं हे त्याला कधी कळणारही नाही. विकत घेण्याआधी या एका तक्त्याचा फोटो मागवून बघाच.

आणखी एक. लॅमिनेशन चकचकीत आहे. आमच्या वर्गाला पूर्वेकडे खिडक्या, सकाळच्या सत्रात ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं आणि डावीकडच्या दोन रांगांना तक्त्यावर नुसता उजेड दिसतो. सोबत आलेल्या दुहेरी चिकटपट्ट्या चुन्याच्या भिंतीवर आठवडाभरही टिकल्या नाहीत. शेवटी नव्या पेठेत एका फ्लेक्सवाल्याकडून तक्त्यांना वर रिंगा मारून घेतल्या आणि सुतळीने खिळ्यांना टांगले.

इतकं झाल्यावर मी संच परत करायच्या विचारात होते. थांबले ती पाट्यांमुळे.

चार खणांची चौकट ही १९६९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना आहे, म्हणून तिला फ्रेअर चौकट म्हणतात. आज वर्गात वापरतात त्या रूपात मधोमध संकल्पनेचं नाव असतं आणि भोवती चार खण : व्याख्या, गुणधर्म, उदाहरणं, आणि चौथा खण जी उदाहरणं नाहीत त्यांचा. संचातल्या तक्त्यावर हे चारही खण भरून छापलेले आहेत. पाटीवर ते कोरे आहेत. या दोहोंतला फरक मला ऑगस्टमध्ये 'चलन' शिकवताना कळला.

व्यस्त चलन दरवर्षी शिकवते. एक राशी वाढली की दुसरी कमी होते, असं मुलं पाठ करतात. एक ऑर्डर १२ मागांवर ८ दिवसांत निघते, तर १६ मागांवर किती दिवसांत? ६. बारा आठे शहाण्णव, सोळा सक शहाण्णव. गणित सुटतं, मुलं खूश, मीही खूश. यंदा नऊ-नऊ जणांच्या गटाला एकेक पाटी दिली. गट मोठेच झाले, पण पाट्या सहाच, त्याला इलाज नव्हता. सांगितलं की चौथ्या खणात असं काहीतरी लिहा जे व्यस्त चलनासारखं दिसतं पण नाही.

वर्ग पाच मिनिटं गप्प. मग बहुतेक गटांनी समचलनाची उदाहरणं लिहिली, वह्या आणि त्यांची किंमत वगैरे. ते चूक नाही, पण ते 'सारखं दिसणारं' नाही. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने लिहिलं : 'वळलेल्या विड्या आणि उरलेल्या विड्या.' तिच्या घरी आई दिवसाला हजाराचं काम घेते. २०० वळल्या की ८०० उरतात, ४०० वळल्या की ६००. एक वाढतं, दुसरं कमी होतं. पाठ केलेल्या वाक्यात हे उदाहरण अगदी चपखल बसतं. मी काही बोलायच्या आत तिच्याच गटातला मुलगा म्हणाला, "मॅडम, इथं बेरीज तेवढीच राहती की ओ, गुणाकार कुठं राहतोय?" २०० गुणिले ८०० म्हणजे १,६०,०००. ४०० गुणिले ६०० म्हणजे २,४०,०००.

मी पुस्तक मिटून ठेवलं. तो सगळा तास आम्ही त्या एका खणावर घालवला. मेणबत्तीची जळायची वेळ आणि उरलेली उंची, महिन्याचे गेलेले दिवस आणि उरलेले दिवस, पगारातला खर्च आणि शिल्लक. प्रत्येक ठिकाणी मुलं गुणाकार करून बघत होती. १९ वर्षांत 'गुणाकार स्थिर' हे दोन शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिले असतील, पण ते का महत्त्वाचे आहेत हे त्या विड्यांनी सांगितलं. मुलांनी चौथ्या खणाला 'फसवा खण' असं नाव दिलं, आणि आता आमच्या वर्गात तोच शब्द चालतो. एकरूपतेच्या पाटीवर फसव्या खणात 'बाबाको' आणि 'कोकोको' आले. तीनही कोन सारखे असलेले लहान-मोठे दोन त्रिकोण मुलांनी कापूनच चिकटवले होते.

व्याख्येच्या खणात 'तुमच्या शब्दांत लिहा' अशी सूचना पुस्तिकेत आहे आणि तिचं मला मनापासून कौतुक आहे. मी त्यात एक भर घातली : घरचे शब्द चालतील, फक्त लिपी देवनागरी. लंबदुभाजकाच्या पाटीवर एका गटाने लिहिलं, 'काटकोनात उभी आणि सगम-सगम करणारी रेषा.' सगम म्हणजे तेलुगूत अर्धा. 'दुभाजक' हा शब्द ज्या मुलाला चार दिवस आठवत नव्हता त्याने हे वाक्य लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानेच वहीत पुस्तकी व्याख्या न अडखळता लिहिली.

पट्टीचा आराखडा हा या संचातला माझा दुसरा आवडता प्रकार. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांच्या गणितात १९८०च्या दशकात तो रूढ झाला आणि तिथून जगभर गेला. काम सोपं : शाब्दिक उदाहरणातली एकूण राशी म्हणजे एक लांब पट्टी, तिचे माहीत असलेले भाग पाडायचे. 'सूट व कमिशन' या प्रकरणात त्याने माझं वर्षानुवर्षांचं दुखणं कमी केलं. उदाहरण असं : २० टक्के सूट देऊन चादर ९६० रुपयांना विकली, तर छापील किंमत किती? अर्ध्या वर्गाचं उत्तर दरवर्षी ११५२ येतं. ९६० चे २० टक्के १९२ काढायचे आणि मिळवायचे. सूट छापील किमतीवर असते हे सांगून सांगून घसा बसतो. पट्टी काढली की सांगावं लागत नाही. पूर्ण पट्टी म्हणजे छापील किंमत, तिचे पाच समान भाग, एक भाग सुटीत गेला, उरलेले चार भाग मिळून ९६०. एक भाग २४०, पाच भाग १२००. ९६० हा आकडा कुठे लिहायचा, हे मुलाला ठरवावं लागतं. सगळी गोम तिथेच आहे. घटक चाचणीत या प्रकारच्या प्रश्नाला बऱ्याच मुलांनी समासात आधी पट्टी काढलेली बघून मला फार बरं वाटलं.

विस्तार सूत्रांसाठी आयताचा आराखडा दिला आहे. अ अधिक ५ कंसाचा वर्ग म्हटलं की 'अ वर्ग अधिक २५' लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. चौरसाची बाजू अ आणि ५ अशी दोन तुकड्यांत कापली की आत चार तुकडे पडतात : अ वर्ग, २५ आणि दोन लांबट पट्ट्या, प्रत्येकी ५ गुणिले अ. मधलं पद, १० अ, तिथे बसलेलं दिसतं. पालकसभेला आलेले एक वडील हा तक्ता बघत बराच वेळ उभे होते. चादर कारखान्यात जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणारी भोकांची कार्डं पाडतात. म्हणाले, "मॅडम, हे आमच्या ग्राफसारखं झालं की." चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतात ती जागा म्हणजे एक घर, आणि त्या घरांवरून कार्डाला भोकं पडतात. भोक असेल तिथे उभा धागा उचलला जातो. मी त्यांना विचारलं की एखादा जुना ग्राफ मिळेल का. त्यांनी आठवड्याने मोराच्या नक्षीचा एक ग्राफ मुलाबरोबर पाठवला. तो वर्गात लावला आहे आणि आयताच्या क्षेत्रफळाच्या प्रत्येक तासाला त्याचा उपयोग होतो. मुलाने बापाच्या हातचा कागद वर्गाला समजावून सांगितला, तो तास मी विसरणार नाही.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. वेन आकृती चौकोनांसाठी सुरेख चालते : एका वर्तुळात आयत, दुसऱ्यात समभुज चौकोन, सामाईक भागात चौरस. जॉन वेन यांनी १८८० साली या आकृत्या मांडल्या, पुढे नववीला संच शिकताना त्या पुन्हा भेटतातच, त्यामुळे आठवीत ओळख झालेली बरी. 'काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचं आहे, काय शिकलो' हा तीन रकान्यांचा आराखडा गणितात मला रुचला नाही. तो डोना ओगल यांनी १९८६ मध्ये वाचनासाठी सुचवला होता आणि भाषेच्या, विज्ञानाच्या तासाला तो शोभतो. गणितात मुलं मधल्या रकान्यात 'हे प्रकरण' एवढंच लिहितात. उदाहरण सोडवायच्या चार पायऱ्यांचा तक्ता (समजून घ्या, योजना करा, अमलात आणा, मागे वळून पाहा) जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये सांगितलेल्या क्रमावर आहे. क्रम उत्तम, पण तक्त्यात प्रत्येक पायरीला एकेक ओळ दिली आहे, त्यात आठवीतलं एकही उदाहरण मावत नाही. बहुपदींच्या भागाकारासाठी संचात काहीच नाही, आणि असायचं कारणही नाही. ते हाताने करून करूनच येतं.

वेळेचा प्रश्न खरा आहे. आमचा तास ३५ मिनिटांचा. चार खण भरायला सुरुवातीला २५ मिनिटं लागली, नंतर १५ वर आली. प्रत्येक घटकाला हे करायला गेलात तर पाठ्यक्रम मार्चपर्यंत संपणार नाही. मी प्रकरणाला एकदाच करते, आणि तेही जिथे दोन कल्पनांची गल्लत होते तिथेच.

पाट्यांचा दर्जा चांगला आहे. कडा अजून उकललेल्या नाहीत. एक काळजी घ्या : शनिवारी लिहिलेलं सोमवारपर्यंत ठेवलं तर शाईचा पुसट डाग राहतो, उन्हाळ्यात जास्तच. सॅनिटायझरचे दोन थेंब आणि जुनं सुती फडकं, लगेच निघतो. सोबतचे मार्कर मात्र दिवाळीआधीच सुकले. ५४ मुलांच्या वर्गाला ६ पाट्या अपुऱ्या आहेत, निदान ९ हव्यात, म्हणजे सहा जणांचा गट नीट बसतो.

पॅड घेऊ नका. वेगळे घेतले तर एक पॅड १४० रुपयांना पडतं, म्हणजे पानाला २ रुपये ८० पैसे, आणि ५० पानं माझ्या वर्गाला एकदाही पुरत नाहीत. त्याऐवजी पाठकोरा कागद घ्या. शाळेच्या ऑफिसात जुन्या परिपत्रकांचे गठ्ठे पडून असतात. कागदाची एक आडवी, एक उभी घडी घाला, आणि मग जिथे सगळ्या घड्या मिळतात तो कोपरा तिरका दुमडा. उघडलं की चार खण तयार आणि मधोमध नाव लिहायला समभुज चौकोन. तो समभुज चौकोन का झाला, चौरस केव्हा होईल, हा प्रश्न फुकटात मिळतो. दोन आठवड्यांनी मुलं न सांगता घडी घालून कागद पुढे ठेवायला लागली.

आता कोणी घ्यावा? पूर्ण संच २४०० ला घ्या असं मी कोणाला सांगणार नाही. पाट्या सुट्या मिळत असतील तर जरूर घ्या, पट्टीच्या आराखड्याची आणि चार खणांची. पुस्तिका सुटी मिळत असेल तर तीही, तिच्यातले प्रश्न विचारपूर्वक काढलेले आहेत आणि नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकाला फार उपयोगी पडतील. तक्ते घ्यायचे असतील तर स्थानिक फ्लेक्सवाल्याकडे आपल्या पुस्तकातले शब्द देऊन, चमक नसलेल्या कागदावर करून घ्या. पाचपैकी गुण द्यायचे तर पाट्यांना साडेचार, पुस्तिकेला चार, तक्त्यांना दीड. विक्रेत्याला मी चुकीच्या शब्दांची आणि समलंब चौकोनाची यादी पाठवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

तक्त्यांचं शेवटी काय केलं तेही सांगते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर शाळा भरली तेव्हा मुलांच्याच लक्षात आलं की मागची बाजू कोरी पांढरी आहे आणि लॅमिनेशनमुळे तिच्यावरही मार्कर चालतो. आता सहा तक्ते उलटे टांगले आहेत, आणि उलट्या बाजूवर ऊन पडलं तरी मोठ्या अक्षरांमुळे डावीकडच्या रांगांनाही वाचता येतं. समलंब चौकोनाच्या तक्त्याच्या पाठीवर सध्या 'चौकोनाचे प्रकार' असं लिहून चार खण पाडलेले आहेत. तीन भरले आहेत. फसवा खण मुलांनी मुद्दाम मोकळा ठेवला आहे, सातवीतून येणाऱ्या तुकडीसाठी.